आठ दिवसांची तहान

वैशाख लागला की आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांना मीठ फुटतं. चंद्रपुरातल्या या वस्तीत उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसतो, मग बोअरिंगच्या पाण्यावर भागवावं लागतं, आणि ते खारं. डाळ त्यात शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि कुंडीतल्या मातीवर आठवडाभरात पांढरी पापडी धरते. आमची नातसून ती पापडी चमच्यानं खरवडून फेकते आणि वरून पेलाभर पाणी घालते. रोज सकाळी, न चुकता, मोठ्या मायेनं. मी म्हणते, "रोज रोज नको घालू गं. आठ दिवस राहू दे, मग एकदम बादलीभर घाल." ती हसते. म्हातारीला आता पाण्याचीही कंजुषी सुचायला लागली, असं तिला वाटत असणार.

वाटू दे. तिला सगळं सांगायचं म्हटलं तर फार मागे जावं लागेल, आणि तिथं गेले की माझा पुढचा सगळा दिवस खराब होतो. पण वैशाख काही मला विचारून येत नाही. ती पांढरी पापडी दिसली की मी गच्चीवरून खाली येते. खाली येऊन तरी काय, तेच आठवत बसते.

माझं माहेर आरमोरीकडचं. गावापेक्षा गावचं तळं मोठं. धानाच्या बांध्या थेट आमच्या अंगणाला भिडलेल्या, आणि आषाढ-श्रावणात तर घर पाण्यात उभं आहे की पाणी घरात, ते सांगता येऊ नये. पाण्याला चव असते हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. वैशाखात तळं आटून मधोमध गोळा व्हायचं, तरी त्या उरलेल्या पाण्यालाही कमळाच्या देठांचा वास असायचा. आईचा एक नेम होता. अक्षय्यतृतीयेपासून महिना संपेपर्यंत ती रोज सकाळी, तोंडात घास घालण्याआधी, कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याशी लोटाभर पाणी घालायची. त्या पाण्यानं आपली गेलेली माणसं निवतात, असं ती म्हणे. मी परकर सावरत तिच्यामागून जायची. कोरड्या मातीत पाणी जिरताना चुर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज मला फार आवडायचा, आणि खरं सांगायचं तर अजून आवडतो.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला माझं लग्न झालं. सासर चांद्याच्या पश्चिमेला, वर्धा नदीच्या अलीकडे. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. तिथं धान नाही, तळं नाही. कापूस, जवारी आणि तूर. गावात गोड पाण्याची एकच विहीर, तीही पार वेशीपाशी. आमच्या परसात विहीर होती, बांधीव, भरपूर पाण्याची, पण खारी. वरातीतून उतरल्यावर मला इतकी तहान लागली होती की दाराशी पाय धुवायला ठेवलेल्या घागरीतलंच पाणी मी ओंजळीनं तोंडात घेतलं आणि नव्या नवरीनं सगळ्यांच्या देखत अंगणात चूळ थुंकली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण मात्र हसली नाही. उंच, सावळी, कपाळ मोकळं. तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "आमच्या विहिरीनं पहिल्याच दिवशी चिमटा काढला का बाप्पा तुले?"

त्या गोदाबाई. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. विशीतच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. घरात सासरे, म्हणजे आमचे मामाजी, आमचे हे, गोदाबाई आणि मी. घर गोदाबाईंच्या हातात होतं, आणि हातात कायम खुरपं. मला त्या 'अनसू' म्हणत, मी त्यांना नुसतं 'बाई'. जवारीची भाकरी थापायला त्यांनीच शिकवली. माझी पहिली भाकरी तव्यावर फाटली तेव्हा म्हणाल्या, "असू दे, आज तुकडे खाऊ." एवढंच. मामाजी माझ्याशी बोलत नसत. सुनेशी तोंडावर बोलायची त्या घरची रीतच नव्हती. काही सांगायचं तर ते भिंतीकडे पाहून सांगत आणि भिंतीच्या वतीनं मी ते ऐकायचं.

विहिरीच्या मागे मुरमाचा एक उतार होता. अर्धा एकर असेल. तिथं तरोट्याशिवाय काही उगवत नसे. तो तुकडा गोदाबाईंनी वडिलांकडे मागितला. त्यांना जामाची बाग लावायची होती. पेरूला आमच्याकडे जामच म्हणतात. मामाजी हसले असणार. खाऱ्या विहिरीवर मुरमात फळबाग, आणि लावणार विधवा लेक. पण चार माणसांदेखत त्यांनी शब्द दिला. दोन उन्हाळे झाडं जगली तर तुकडा तिचा, तिथं खोपडी बांधून तिनं आपलं आपण राहावं, जाम विकून पोट भरावं. नाही जगली तर तिनं मुकाट सासरी दिराकडे जावं. दिराच्या घरून निरोपावर निरोप येतच होते. त्यांना राबायला दोन हात हवे होते. आणि मामाजींच्या मनात खोल एक गोष्ट रुतून बसली होती की लेक सासरीच शोभते. गावात मान वर करून चालणारा माणूस होता तो. कुणी नुसतं "गोदा इथीच हाय का अजून?" असं विचारलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

मी आले तोवर पहिला उन्हाळा पार पडला होता. चाळीस रोपं, गोदाबाईंनी बियांपासून वाढवलेली, माझ्या गुडघ्याच्या वर आली होती. मी चकितच झाले. ज्या पाण्यानं माझं तोंड वाकडं झालं, ते पिऊन ही पोरं कशी तरारली? गोदाबाईंचं सगळं शास्त्र आमच्या अंगणातल्या तुळशीतून आलं होतं. त्यांनी मला ते दाखवलं. तुळशीला रोज लोटाभर खारं पाणी पडायचं आणि ती दर उन्हाळ्यात मरायची. धुण्याच्या दगडाजवळ मात्र बादल्याच्या बादल्या तेच खारं पाणी ओतलं जायचं, आणि तिथं कुणी न लावलेली बोर खुशाल फोफावली होती.

"थोडं थोडं देल्लं तं मीठ वरतीच बसते," त्या म्हणाल्या. "पोटभर देल्लं तं पाण्यासंगं खाली जाते, मुळाच्याही खाली. मुरूम हाय, थांबवून धरत नाई. आठ दिवस त्याईच्याकडे पाहाचं नाई. सुकली, मान टाकली, तरी पाहाचं नाई. मंग नवव्या दिवशी आळं काठोकाठ."

म्हणून आठवड्यातून एकदा मोट चालायची. आमचे हे बैल हाकत, कातड्याची मोट वर येऊन भस्सकन ओतली जायची, आणि पाणी दांडातून, त्या मातीच्या पाटातून, धावत एकेका आळ्यात शिरायचं. गोदाबाई फावड्यानं एक आळं बंद करत, दुसरं खुलं करत. आळ्यात पळसाची वाळली पानं अंथरलेली असत, ती पाण्यावर तरंगायची. तो दिवस त्यांचा सण होता. एरवी कमी बोलणारी ती बाई त्या दिवशी झाडांशीही बोलायची, बैलांशीही बोलायची, आणि भावाला चिडवायचीसुद्धा.

मग तो दुसरा उन्हाळा आला. मला तो चैत्र आठवतो तो वासानं. शिवारात मोह पडत होता आणि सगळ्या गावाला त्याचा गोडसर, जड दर्प. जामाच्या फांद्यांना पहिल्या कळ्या धरल्या होत्या. गोदाबाई त्या कळ्यांना बोट लावत नसत, नुसत्या वाकून पाहत. खोपडी कुठं बांधायची ती जागा त्यांनी खुंट्या ठोकून आखली होती. "दार इकडे ठेवीन," म्हणाल्या, "म्हंजे तू भाकर घेऊन आली तं मले दुरूनच दिसशीन." त्यांना हसताना मी तेव्हाच काय ते पोटभर पाहिलं.

चैत्राच्या शेवटी बल्लारपूरच्या पलीकडून दिराचा माणूस आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं. मोठी काकू आलीच पाहिजे. विधवा बाई मांडवात चालत नाही पण चुलीपाशी चालते, दळणकांडणाला चालते. महिनाभर तरी राहावं लागणार होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी गोदाबाईंनी मला अंगणात उभं करून सगळं पुन्हा सांगितलं. मोट आठ दिवसांनी. मधे थेंब नाही. पानं बाजूला झाली तर परत अंथरायची. हे बैलांना पेंड घालत होते. मामाजी पायरीवर बसून तळहातावर तंबाखू मळत होते.

"ध्यानात राहीन ना, अनसू? मधात देशीन नाई ना?"

"नाई देणार," मी म्हणाले.

तीन दिवस मी शब्द पाळला. चौथ्या दिवशी भर दुपारी कपडे वाळत घालायला परसात गेले आणि झाडांकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस रोपांनी पानं खाली टाकली होती. ऊन असं की विहिरीच्या काठाला हात लावला तर चटका बसावा. हाताच्या अंतरावर पाणी, आणि ही मुकी पोरं त्याच्याकडे पाहत उभी. पाहत उभी, हे अर्थात माझं. झाडं कुणाकडे पाहत नाहीत. पण मी अठरा वर्षांची होते, तळ्याकाठची होते, आणि मला त्या वयात एक ताठाही होता. पाण्यातलं मला काय कळत नाही? या कोरड्या मुलखातल्या माणसांनी मला पाणी कसं द्यावं ते शिकवायचं? गोदाबाईंवर माझा जीव होता, पण त्यांचं ते आठ दिवसांचं गणित मला मनातून निर्दयच वाटायचं. त्यात दुसऱ्याच दिवशी अक्षय्यतृतीया आली. आईची आठवण आली. मी तोंडात घास न घालता लोटा घेतला आणि विहिरीवर गेले.

एकेका झाडाला एकेक लोटा. बुंध्याशी, अगदी जवळ, आई घालायची तसा. मातीतून तो चुर्र आवाज आला आणि मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

खालच्या ओळीपर्यंत मात्र मी गेले नाही. त्या ओळीच्या टोकाला मोहाचं झाड होतं आणि त्यावर आग्यामोहोळ लोंबत होतं, सुपाएवढं. त्या माश्यांची मला दहशत होती. मोटेचं पाणी दांडातून आपोआप तिथं पोचायचं, पण लोटा घेऊन जायची माझी छाती झाली नाही. ती अकरा झाडं राहिली. त्यांच्याकडे मी पाहायचंच टाळायची. मनात म्हणायची, तुमचं नशीब.

पहिला आठवडा माझी बाग हसली. दुपारी पानं मान टाकत, पण सकाळी टवटवीत. मला वाटलं, बाई परत आल्या की थक्क होतील. आणि त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली जी मी पुढं चाळीस वर्षं मनात जपून ठेवली. एका सकाळी विहिरीवर गेले तर काठावर पितळी लोटा ठेवलेला. देव्हाऱ्यामागे पडून काळा झालेला सासूबाईंचा लोटा. कुणीतरी चिंच लावून लखलखीत घासलेला. मी इकडेतिकडे पाहिलं. मामाजी गोठ्यापाशी उभे होते आणि ह्यांना म्हणत होते, मला ऐकू जाईल एवढ्यानं, "सून पुण्याचं काम करून राह्यली." ज्या माणसानं वर्षभरात मला एक शब्द दिला नव्हता, त्यानं मला बायकोचा लोटा दिला. मी फुलून गेले. त्या दिवसापासून मी एकाऐवजी दोन लोटे घालू लागले, एक सकाळी आणि एक तिसऱ्या प्रहरी.

नवव्या दिवशी हे मोट जोडायला निघाले. मामाजी म्हणाले, "राहू दे. रोज पाणी पडूनच राह्यलं. बैलाले आराम दे." हे क्षणभर थांबले. माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. मग बैलांच्या मानेवरून हात फिरवून त्यांना परत दावणीला बांधलं. त्या वैशाखात मोट पुन्हा चालली नाही.

पुढचं सांगायला नको वाटतं. दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. मग बुंध्याभोवती, बरोबर माझ्या लोट्याचं पाणी पसरायचं तेवढ्या गोलात, पांढरं काहीतरी दिसू लागलं. सकाळच्या उन्हात ते चमकायचं. मला ते सुंदर वाटलं, हे कबूल करायला हवं. बुंध्याभोवती कुणी रांगोळी घातली आहे असं. झाडं उन्हानं हैराण झाली असं समजून मी आणखी पाणी घातलं. कळ्या काळ्या पडून गळाल्या. तिसऱ्या आठवड्यात पानं गळाली. चौथ्यात मी फांदी वाकवली तर ती कट्‌कन मोडली. तरी मी लोटा सोडला नाही. काय करत होते ते मला तोपर्यंत कळलं होतं की नव्हतं, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कळलं असावं. कारण आता मी आजूबाजूला पाहून पाणी घालायला लागले होते.

गोड विहिरीवर बायका बोलू लागल्या. "गोदाची बाग गेली म्हणते. तिच्या हाताले यशच नाई बाप्पा." दुसरी म्हणाली, "पहिले नवरा, आता झाडं." मी घागर भरत होते. घागर भरून काठोकाठ झाली, पाणी पायांवर सांडू लागलं, तरी मी दोर ओढतच राहिले. तोंड मात्र उघडलं नाही.

गोदाबाई आल्या त्या दुपारी. दिराच्या बैलगाडीतून उतरून घरात न जाता तशाच परसात गेल्या. डोईवरचं गाठोडंही खाली ठेवलं नव्हतं. मागोमाग मामाजी, हे आणि दाराच्या आडोशाला मी. चाळीस काड्या उभ्या होत्या. आधी गोदाबाईंनी दांड पाहिला. दांडाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. मग त्या बसल्या. बुंध्याजवळची पांढरी पापडी नखानं उचलली, जिभेवर ठेवली. वर मान करून त्यांनी वडिलांकडे पाहिलं. मामाजी खाली पाहून तंबाखू मळू लागले.

मग त्या एकेका झाडाची साल नखानं खरवडत निघाल्या. तपकिरी. तपकिरी. तपकिरी. खालच्या ओळीत, मोहाच्या झाडाखाली, पहिल्याच काडीची साल काढली आणि आत हिरवं निघालं. पुढची हिरवी. पुढची हिरवी. महिनाभर थेंब न मिळालेली अकरा झाडं पानं टाकून, आतल्या आत जीव धरून बसली होती.

"अकरा जिती हायेत," गोदाबाई म्हणाल्या.

"चाळीसातली अकरा," मामाजी भिंतीकडे पाहून म्हणाले. लेकीशीही ते आता भिंतीच्या मार्फत बोलू लागले होते. "शब्द चाळिसाचा होता."

एवढ्यावर सगळं मिटलं. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. मी दाराच्या आडून बाहेर यायला हवं होतं. दोन पावलं आणि तीन शब्द, 'मी पाणी घातलं'. दोन पावलं मी टाकलीही. ते तीन शब्द मात्र राहिले. मला माहेरी पाठवतील, आईला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं काहीबाही डोक्यात गरगरत होतं.

संध्याकाळी गोदाबाई मला विहिरीवर घेऊन गेल्या. पितळी लोटा काठावरच होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला. आपल्या आईचा लोटा त्यांनी ओळखला असणारच.

"किती देत होती?"

"आधी एक. मंग दोन."

"रोज?"

मी मान हलवली. लोटा परत काठावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुले तहान पाहवत नाई. मले वाटलंच होतं. मीच तुले आपल्या संगं न्याले पायजे होतं." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. "मी सांगतो मामाजीले," मी म्हणाले. माहेरची सवय, बायकासुद्धा 'सांगतो' म्हणतात आमच्याकडे. "आत्ताच सांगतो."

"नाई," त्या म्हणाल्या. इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "कोणाले काई बोलू नको. तुले याच घरात राहाचं हाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण तेच खरं. दुःख मागाहून आलं. आधी सुटका आली.

चार दिवसांनी त्या गेल्या. जायच्या आधी त्यांनी भावाला मोट जोडायला लावली आणि खालच्या अकरा झाडांची आळी काठोकाठ भरून घेतली. फावडं माझ्या हातात दिलं. खोपडीच्या खुंट्या स्वतः उपटून चुलीत घातल्या. गाडीत बसल्यावर फक्त एवढंच बोलल्या, "आठ दिवस, अनसू."

मी आठ दिवस पाळले. त्या उन्हाळ्यापासून पुढचे तीस उन्हाळे पाळले. अकरा झाडं मोठी झाली. जाम असे की आतून गुलाबी, आणि खाऱ्या पाण्याचे म्हणून की काय, गोडीला एक वेगळंच टोक असलेले. गावात लोक त्यांना 'अनसूचे जाम' म्हणायला लागले. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दरवर्षी पहिली टोपली गोदाबाईंकडे पाठवायची. टोपली परत यायची, कधी तिच्यात चारोळी, कधी मुरमुऱ्याचा लाडू. निरोप काही नाही. एकदा मी गेले होते त्यांच्याकडे. दिराच्या घरच्या मागच्या पडवीत त्या राहत. पाठीत वाकल्या होत्या. न्हाणीच्या पाण्यावर जामाची दोन झाडं वाढवली होती, माझ्याच टोपलीतल्या बियांची. जाम पुतण्यांची पोरं कच्चेच तोडून न्यायची. "खाऊ दे," त्या म्हणाल्या, "मले आता दात नाई." त्या हसल्या. मी हसू शकले नाही. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या.

मामाजी त्यांच्याही आधी गेले होते. पुढं मुलगा चंद्रपुरात नोकरीला लागला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे आलो. एका हिवाळ्यात, हे आता जास्त फिरत नव्हते तेव्हा, मी गावाहून आलेला जाम चिरून, तिखटमीठ लावून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक फोड उचलली आणि कोण जाणे कसं, माझ्या तोंडून ते निघालं. चाळीस वर्षं धरून ठेवलेलं.

"बाईची झाडं मी मारली होती. रोज लोट्यानं पाणी घालत होतो मी."

त्यांनी फोड परत ताटलीत ठेवली. "मालूम हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापासूनच. रोजच तं पाहत होतो. बाबाही पाहत होते."

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. अंगणात सगळं समजावून सांगणाऱ्या गोदाबाई, पायरीवर तंबाखू मळत ऐकणारे मामाजी. दावणीला परत बांधलेले बैल. चिंचेनं घासलेला लोटा.

"मंग मले थांबवलं काऊन नाई?"

हे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाबा म्हणे, देऊ दे तिले. आपला शब्दही मोडत नाई अन् गोदा तिच्या घरी जाते. मी बोलाले पायजे होतं. नाई बोललो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पुसलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगीच भांडी विसळत बसले.

माझं ओझं त्या दिवशी हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. माझी चूक माझीच राहिली, माझं गप्प बसणं माझंच राहिलं. वर आणखी हे. ज्या लोट्यानं मी त्या घरात आपली झाले असं समजत होते, तो लोटा माझ्या हातात कशासाठी ठेवला होता ते कळलं.

आज सकाळी नातसून कुंडीला पाणी घालत होती तेव्हा मला पुन्हा त्या विहिरीचा काठ दिसला. गोदाबाईंनी कोरडा दांड पाहिला होता. वडिलांकडे पाहिलं होतं. आईचा घासलेला लोटा हातात उलटा करून पाहिला होता. मोट कुणाच्या सांगण्यावरून चालते आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबते, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना त्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. आणि तरी त्या म्हणाल्या, कोणाले काई बोलू नको, तुले याच घरात राहाचं हाय.

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी माझी चूक घरापासून लपवली. त्यांनी घर माझ्यापासून लपवलं होतं. आपली बाग, आपली खोपडी, आपलं सगळं मागं सोडून जाताना त्या बाईला एवढीच काळजी होती की मला तिथं झोप लागावी. आणि मला ती लागली, चाळीस वर्षं, अगदी गाढ.